बोटीवरच्या सूटमध्ये तीन रात्री

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. नद्या म्हणाव्यात तर बिंदुसरा, सिंदफणा आणि मांजरा. त्यांनाही उन्हाळ्यात पाणी कमी आणि वाळू जास्त. माजलगावचे धरण भरले की आमच्याकडची माणसे ते पाहायला जातात आणि घरी येऊन समुद्र पाहिल्यासारखे सांगतात. अशा जिल्ह्यातले आमचे कुटुंब २०२३ च्या डिसेंबर महिन्यात मुंबईहून गोव्याला बोटीने गेले आणि आले. तेही साध्या खोलीत नव्हे, तर ज्याला 'सूट' म्हणतात अशा महागड्या खोलीत राहून आले.

गावात ही बातमी पसरली तेव्हा कोणी कौतुक केले, तर कोणी "गुरुजी, पैसा लई झाला काय?" असेही विचारले. दोघांचेही आम्हाला वाईट वाटले नाही. परंतु या सहलीचे खरे कारण वेगळे होते, आणि ते कारण आमच्याच एका जुन्या लबाडीशी जोडलेले होते. ती लबाडी वाचकांपुढे कबूल करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

'मुलगा जहाजावर साहेब आहे!'

आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. २०२० साली सेवानिवृत्त झालो. आमचे आई-वडील ऊसतोड कामगार. दसरा उलटला की टायरगाडीत भांडीकुंडी, शेळी आणि पीठ घालून ती दोघे साखर कारखान्यांच्या मुलखात जात, ती थेट पाडव्याच्या सुमारास परत येत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. वडील ऊस तोडत, आई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहत असे. मुक्काम पाचटाच्या कोपीत. तिच्यात वाकूनच शिरावे लागे. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपला तरी फिटत नसे. आम्ही आजीजवळ गावी राहिलो, म्हणून शाळा सुटली नाही. एवढेच आमच्या शिक्षणाचे रहस्य.

आमच्या चिरंजीवांनी हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम केला आणि २०१५ साली ते परदेशी प्रवासी बोटीवर नोकरीला लागले. काम कोणते, तर हाउसकीपिंगचे. म्हणजे प्रवाशांच्या खोल्या झाडणे, गाद्यांच्या चादरी बदलणे, संडास-बाथरूम स्वच्छ ठेवणे. त्यांनी फोनवर हे आम्हाला स्पष्ट सांगितले होते. आम्ही मात्र ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. ज्या घराण्याने दुसऱ्याची घाण उपसण्याचे काम सोडावे म्हणून तीन पिढ्या धडपड केली, त्या घराण्यातला शिकलेला मुलगा गोऱ्यांचे संडास धुतो, हे आमच्या तोंडून निघेना. गावात आम्ही 'मुलगा जहाजावर साहेब आहे' असे सांगत सुटलो. लग्नाच्या बायोडाट्यात 'मर्चंट नेव्ही' एवढेच लिहिले. सूनबाईंना मात्र चिरंजीवांनी लग्नाआधीच सगळे खरे सांगून टाकले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

२०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट करोनामुळे अडकली. तिच्यावर १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ जण प्रवासी नव्हे, तर कामगार होते. ते वाचून आमच्या पोटात गोळा आला. मार्चमध्ये जगभरच्या प्रवासी बोटी थांबल्या. चिरंजीवांची बोटही समुद्रातच उभी राहिली. प्रवासी उतरून गेले आणि कामगार अडकून पडले. त्या दिवसांत फोन लागला की आमच्या सौभाग्यवती एवढेच विचारत, "जेवलास का?" ते सुखरूप घरी आले आणि पुन्हा बोटीवर गेले नाहीत. आता पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगचेच सुपरवायझर आहेत.

एके दिवशी ते म्हणाले, "अण्णा, मी आवरायचो तसल्या खोलीत एकदा तुम्हाला, आईला अन् आजीला झोपवायचंय. पैसे साठवलेत. नाही म्हणू नका." आम्ही नाही म्हणणारच होतो. पण चौऱ्याऐंशी वर्षांची आमची आई आतून ओरडली, "हो म्हन की! मरायच्या आदी समुद्र बगू दे मला."

बंदरावर

बीडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो आणि सकाळी मुंबईत उतरलो. (बीड शहराला तेव्हा रेल्वे नव्हती. अहिल्यानगरहून बीडपर्यंत पहिली रेल्वे धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी.) दुपारी बॅलार्ड पिअरच्या बाजूने बंदरात शिरलो. विमानतळासारखीच तपासणी होते. सामानाला चिठ्ठ्या लावून ते आधीच आत जाते. ओळखपत्र पाहून प्रत्येकाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच बोटीवरचे पाकीट.

बोटीचे नाव 'एम्प्रेस'. ती 'कॉर्डेलिया' या कंपनीची. या कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून सहली सुरू केल्या. त्याआधी २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची बोट निघाली होती, पण ती पुढे बंद पडली. 'एम्प्रेस' नवी नाही. १९९० साली फ्रान्समध्ये ती 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधली गेली, आणि मधल्या काळात तिने मालक व नावे अनेकदा बदलली. लांबी दोनशे दहा मीटरच्या आसपास, अकरा मजले आणि सुमारे अठराशे प्रवाशांची सोय. आमच्या गावची सगळी वस्ती तिच्यात मावली असती आणि वर पाहुण्यांनाही जागा उरली असती.

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या आईने मान वर करून बोट पाहिली आणि विचारले, "बाबासाहेब असल्याच बोटीनं गेलते का रं?" आम्ही तिला सांगितले की, १९१३ साली ते मुंबईहून निघाले आणि जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले ते बोटीनेच. १९१७ साली परत आले तेही बोटीने, पण वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली. आणि ४ ऑक्टोबर १९३० रोजी गोलमेज परिषदेसाठी ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले. आई म्हणाली, "मंग भ्यायचं काय काम न्हाई."

सूट म्हणजे काय?

आम्ही दोघे आणि आई वरच्या मजल्यावरच्या सूटमध्ये. चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांची नात खालच्या एका आतल्या खोलीत. आतल्या खोलीला खिडकी नसते, म्हणून ती स्वस्त. 'तुम्ही वर या, आम्ही खाली जातो' असा आग्रह आम्ही केला, पण चिरंजीव हसून म्हणाले, "अण्णा, बिनखिडकीच्या खोलीत मी पाच वर्षं झोपलोय. मला तिथंच झोप लागंल."

सूट म्हणजे झोपायची जागा आणि बसायची जागा वेगळी असलेली ऐसपैस खोली. मोठा पलंग, सोफा, टीव्ही, छोटा फ्रीज, कपाट, आणि काचेचे दार सरकवले की स्वतःची गच्ची. गच्चीला लागून थेट अरबी समुद्र! सौभाग्यवतींनी आधी सगळी कपाटे उघडून पाहिली, मग गादीवर हात दाबून पाहिला, आणि मग इतक्या वेळाने बसल्या त्या पलंगाच्या अगदी कडेला. "मधी बसा की," आम्ही म्हणालो. "चादर चुरगळंल," त्या म्हणाल्या.

आईची खरी अडचण न्हाणीघरात झाली. तिथे बादली नाही आणि तांब्याही नाही. वरून फवारा! ती म्हणाली, "असं पानी सोडून द्यायचं? टँकर कितीचा येतो ठावं हाय का?" शेवटी टेबलावर बर्फासाठी ठेवलेले भांडे तिने घेतले, ते फवाऱ्याखाली भरले आणि त्याच पाण्याने अंघोळ केली. संडासाचे बटण दाबल्यावर मोठा आवाज करून हवेच्या जोराने सगळे ओढून नेले जाते. तो आवाज ऐकून ती बाहेरच पळाली. चिरंजीवांनी समजावून सांगितले की, बोटीवर पाण्याची अशी काटकसर करावीच लागते, म्हणून संडासाला पाणी अगदी थोडे. आणि समुद्राचे खारे पाणी यंत्रांनी गोडे करून वापरण्याची सोय अशा बोटींवर असते. आई बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी, अन् तेबी गाळून घ्यावं लागतंय. बीडातच बरं म्हनायचं."

सात छोट्या आणि एक लांब शिट्टी

बोट निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांना धोक्याच्या वेळी काय करायचे ते शिकवतात. सात छोट्या आणि एक लांब शिट्टी झाली की नेमून दिलेल्या जागी जमायचे आणि लाइफ जॅकेट घालायचे. सूटवाला असो की बिनखिडकीवाला, हे चुकवता येत नाही. आमच्या शेजारी देवगडकडचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी कोकणच्या जुन्या आगबोटींच्या आठवणी सांगितल्या आणि 'रामदास' बोटीचे नाव घेताच ते गप्प झाले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा प्रवाशांपैकी तिसऱ्या वर्गाची माणसे सर्वांत जास्त मेली. त्यानंतर १९१४ साली सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट कलंडली, आणि बोट निघण्याआधी किंवा निघताच ही कवायत झालीच पाहिजे असा नियम २०१५ पासून आला. समुद्रावरचे बहुतेक नियम असे माणसांच्या मरणातून आलेले आहेत.

संध्याकाळी बोट हलली तेव्हा ती हलल्याचे कळलेच नाही. मुंबईचे दिवे मागे सरकू लागले, त्यावरून ओळखले. नात टाळ्या पिटत होती. आई हात जोडून बसली होती.

सकाळची गोष्ट

ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडली.

सौभाग्यवतींना पाच वाजता उठायची सवय. त्यांनी उठून पलंग आवरला, टॉवेल वाळत घातले आणि ओल्या फडक्याने टेबल पुसले. नऊच्या सुमारास दारावर टकटक झाली. खोली आवरणारा मुलगा आला होता. वय चोवीस-पंचवीस, बोलणे कोकणाकडचे. आत पाहून तो गोंधळला. म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळं केलंत तर मी काय करू? माझं काम आहे ते."

सौभाग्यवती म्हणाल्या, "अरे लेकरा, तू आमच्या पोराएवढा. तुला कसं सांगू?"

तेवढ्यात चिरंजीव चहाला वर आले. त्यांनी पलंगाकडे पाहिले आणि हसले. "आई, असं नाही," असे म्हणून त्यांनी चादरीचे टोक उचलले, पाकिटाच्या कोपऱ्यासारखी घडी घातली आणि हाताच्या एका फटक्यात ते गादीखाली सारले. चादर ढोलासारखी ताणून बसली. मग दुसरे टोक. तो मुलगा पाहतच राहिला. म्हणाला, "दादा, तुम्ही शिपवर होता?"

आम्ही सोफ्यावर बसलो होतो. आमच्या कानशिलांत गरम झाले. आता हे काय सांगणार, या विचाराने आम्ही वर्तमानपत्र नसतानाही वर्तमानपत्र शोधू लागलो.

चिरंजीव अगदी सहज म्हणाले, "हो, पाच वर्षं. खोल्याच आवरायचो. सोळा-सतरा खोल्या, दिवसातून दोनदा."

त्या मुलाचा चेहरा फुलला. मग त्या दोघांचे बोलणे सुरू झाले. कोणती बोट, करार किती महिन्यांचा, खाली जेवण कसे, घरी कोण असते. जाताना तो आम्हाला म्हणाला, "काका, दादांनी तुम्हाला सूटमध्ये आणलं. मलाही माझ्या आईला असंच आणायचंय." आम्हाला उत्तर सुचले नाही. आमची आई म्हणाली, "आन, बाबा. तुजी माय खुश होईल."

तो गेल्यावर खोलीत कोणीच बोलेना. मग आईच बोलली. आमच्याकडे पाहून ती म्हणाली, "मी फडात मोळ्या वाह्यल्या. तू कवा लपवलं न्हाईस. उलट भाषनात सांगतोस, माजी माय ऊस तोडायची म्हनून. मंग पोरानं गाद्या आवरल्या तर त्याच्यात लपवायचं काय व्हतं?"

खरेच, काय होते? आईच्या कष्टाचा आम्ही अभिमान मिरवला, कारण ते कष्ट आमच्या मागे पडले होते. मुलाचे कष्ट चालू होते, म्हणून त्यांची लाज वाटली!

गच्चीवरचे बोलणे

त्या रात्री नात झोपल्यावर चिरंजीव आमच्या गच्चीत येऊन बसले. खाली काळे पाणी, वर चांदण्या. आम्ही त्यांना प्रथमच विचारले, "तिकडं कसं होतं रे?"

त्यांनी सगळे सांगितले. प्रवाशांचे मजले वर, कामगारांचे खाली, काही पाण्याच्या पातळीच्याही खाली. पुढून मागे जाणारा कामगारांचा एक लांबलचक बोळ बऱ्याच बोटींवर असतो. अमेरिकेतल्या एका हमरस्त्यावरून खलाशी त्याला 'आय-९५' म्हणतात. एका खोलीत दोघे, पलंग एकावर एक. आठ-नऊ महिने सुटी नाही. पाठ दुखते, घर आठवते. प्रवासी कधी खूप चांगले वागतात, कधी माणूस समोर उभा आहे हेही त्यांना दिसत नाही.

आम्ही म्हणालो, "म्हणजे वर-खाली मजले तिथेही आहेतच."

"आहेत, अण्णा. पण जिने आहेत. माझ्यासोबत खोल्या आवरणारा एक जण आज मुख्य हाउसकीपर आहे. मी सोडलं ते माझ्या मर्जीनं, माझा करार संपल्यावर. आणि तिथं फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा, गोव्याचा, बीडचा, सगळे एका टेबलावर जेवायचो. तुझं आडनाव काय असं विचारून कुणी ताट सरकवलं नाही."

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात आपल्या समाजव्यवस्थेला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. आम्ही ती वर्गात आणि सभेत शेकडो वेळा सांगितली असेल. तिचा अर्थ मात्र आम्हाला आमच्याच मुलाने भर समुद्रात समजावला. जन्माने गळ्यात बांधलेले काम सोडायचे, कारण त्याला ना मोल, ना सुटका. झाडू तोच असेल, पण पगार ठरलेला, तास ठरलेले, वर जायला वाट आणि सोडून जायला मुभा असेल, तर ते काम वेगळे. आम्ही झाडू पाहिला. बाकीचे पाहिलेच नाही.

गोवा आणि परतीचा प्रवास

मुरगाव बंदरात उतरून आम्ही थोडे फिरलो. नातीने वाळूत हात भरवले. आई मात्र म्हणाली, "चला बोटीवर, तितं बरं हाय." परतीच्या रात्री तिने पहिल्यांदा पलंगाच्या मधोमध झोपून पाहिले, आणि सकाळी गादी फार मऊ आहे म्हणून खाली गालिच्यावर निजलेली सापडली!

निघण्याच्या सकाळी सौभाग्यवतींनी खोली आवरली नाही. त्या मुलासाठी बीडहून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी तेवढी टेबलावर ठेवली.

तरुणांसाठी आणि पालकांसाठी दोन शब्द

सहलीला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, जाहिरातीतल्या भाड्यावर बंदर शुल्क, सेवा-आकार आणि जीएसटी वेगळे लागू शकतात. एकूण रक्कम आधी लेखी विचारून घ्यावी. वयस्कांसाठी चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच करावी. आणि सूटच हवा असे मुळीच नाही. बिनखिडकीच्या खोलीतल्या माणसालाही वरचा उघडा डेक आणि समुद्र तेवढाच मिळतो.

बोटीवर नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी याहून महत्त्वाची गोष्ट. आमच्या चिरंजीवांना पहिल्या वेळी एका दलालाने 'जागा पक्की' म्हणून मोठी रक्कम मागितली होती, आणि आम्ही कर्ज काढून त्यातली काही दिलीही. ती बुडाली. ऊसतोडीत उचल देऊन मुकादम माणूस बांधून घेतो, तर हा दलाल उलट आपल्याकडूनच उचल घेऊन पळतो! म्हणून सांगतो की, भरतीसाठी कामगाराकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे. खलाशी आणि बोटीवरचे कामगार यांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती सांगितली आहे. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, 'आरपीएसएल' परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. सीडीसी नावाचे खलाशी-पुस्तक, सुरक्षेचे मूलभूत प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि सही केलेला करार हातात आल्याशिवाय घर सोडू नये. करारात पगार, महिने आणि परतीचे तिकीट यांचा उल्लेख आहे का, ते वाचावे. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे न्यावा. आम्ही तर शिक्षक असून वाचला नव्हता!

गावी परतल्यावर विहारात माणसे जमली तेव्हा कोणीतरी विचारले, "गुरुजी, तुमचा मुलगा जहाजावर साहेब होता ना? म्हणून फुकटात नेलं असेल."

आम्ही म्हणालो, "साहेब नव्हता. खोल्या आवरायचा. आणि फुकट नाही, स्वतःच्या पैशानं नेलं."

कोपऱ्यात बसलेल्या दोन तरुणांनी मान वर केली. बैठक संपल्यावर ते आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, त्या परवान्याचं जरा नीट सांगता का?"